भूकंपग्रस्ताचे मनोगत, दहापैकी चार

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी बी.ए. केलं, तिथून मागच्या महिन्यात फोन आला. विशेषांक काढून राहिलोत, माजी विद्यार्थ्यांचे लेख पाहिजेत, असं तिथल्या एक मॅडम म्हणाल्या. विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. कॉलेजात लिहिलेल्या कोणत्या निबंधानं तुम्हाला लिहायला शिकवलं? "तुमचं तर सोपंच आहे," त्या म्हणाल्या. "तो बिस्किटाच्या पुड्याचा निबंध. तो आम्ही जुन्या वार्षिकांकातून काढून परत छापणारच आहोत. तुम्ही फक्त त्याच्यावर दोन पानं लिहून द्या." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तोपर्यंत दूध उतू गेलं होतं. शेगडी पुसता पुसता माझं डोकं भणाणायला लागलं.

कारण तो निबंध माझा नाही. हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ज्या मुलीचा तो आहे ती माझी मैत्रीण आहे, चांगली हयात आहे, ईदला आणि दिवाळीला आमचा फोन असतो. त्या निबंधात जे आहे ते कुणाला कळू देणार नाही, खास करून तिच्या भावाला, असं मी तिला कबूल केलं होतं. तरी मी तो माझ्या नावानं छापला. जुना वार्षिकांक केव्हाच रद्दीत गेला असेल, म्हणून मी निर्धास्त होते. पण आता हे अंक मोबाइलवर फिरतात, आणि तिचा भाऊ पुण्याला नोकरीत आहे, वाचणारा आहे. तो निबंध पुन्हा निघाला की तो वाचणार, आणि आपल्या बहिणीनं काय लपवून ठेवलं ते त्याला परक्या बाईच्या नावाखाली कळणार.

आणि खरं सांगू का, त्या निबंधानं मला शिकवलं की दुसऱ्याच एका निबंधानं, तेच मला कळत नाही. पहिल्यापासून सांगते, सांगता सांगता उलगडलं तर बरंच.

आम्ही देगलूरचे. अब्बांचं टेलरिंगचं दुकान. घरात दखनी, बाजारात निम्मी तेलुगू, आणि माझी शाळा मराठी. दहावीला मला बरे मार्क पडले आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी ठरवलं की पोरीला लातूरला धाडा. त्या वेळी आमच्या भागात कुणाचंही लेकरू जरा हुशार निघालं की दुसरं काही सुचायचंच नाही. लातूर, सायन्स, डॉक्टर. अब्बांनी मला विचारलंसुद्धा नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला कापडावर खडूनं रेघ कशी मारतात ते माहीत होतं, डॉक्टर काय करतो ते नाही.

लातुरात गल्लोगल्ली पोरापोरींच्या खोल्या. डबा मेसचा, क्लास उजाडायच्या आत, दर रविवारी टेस्ट आणि मंगळवारी बोर्डावर यादी. नावानं तिथं कुणी हाक मारायचं नाही, गावानंच. मी झाले 'देगलूर'. आमच्या खोलीत आधी एक 'इस्लापूर' होती, ती पहिल्याच दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. मग उरलो आम्ही दोघी, मी आणि 'औसा'.

लातूरच्या त्या मोठ्या भूकंपात औसा तालुक्यातली जी गावं पडली, त्यांपैकी एका गावची ती. वडील शेती करायचे, धाकटा भाऊ होता, आई नव्हती. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई न्हाई," एवढंच, पेटीला कुलूप लावता लावता. भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. तिच्याकडं एक प्लॅस्टिकची फाईल होती, तीत भूकंपग्रस्त असल्याचा दाखला, कधी नोकरीला उपयोगी पडेल म्हणून वडिलांनी जपून ठेवायला दिलेला. मी काही विचारलं नाही. विचारायचं कसं असतं ते मला माहीत नव्हतं. माझा स्वतःचा भूकंप म्हणाल तर एवढाच, की त्या पहाटे देगलूरला आमच्या फळीवरची भांडी वाजली आणि अम्मीला वाटलं मांजर शिरलं. ती तशीच परत झोपली.

सायन्सच्या कॉलेजात मराठी म्हणजे सावत्र लेकरू. फिजिक्सच्या सरांना बघून पोरं उठून उभी राहायची, मराठीच्या सरांना बघून गणिताची वही काढायची. पण सर जिद्दीचे होते. मराठीतही आपल्या पोरांनी पैकीच्या पैकी घ्यावेत असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. निबंधाचं त्यांचं एक तंत्र होतं. सुरुवातीला कवितेच्या दोन ओळी, मधे प्रसंग, शेवटी आवाहन, आणि सगळीकडं भावना. "भावना ओता पोरींनो," ते म्हणायचे. "तपासणाऱ्याच्या टेबलावर शंभर पेपरांचा गठ्ठा असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आणि लातूरची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टेस्टमध्ये ज्याचं उत्तर सगळ्यांत चांगलं, त्याची उत्तरपत्रिका 'आदर्श' म्हणून गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवायची. वर नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली. सगळ्यांनी तिची झेरॉक्स घ्यायची आणि ती पाठ करायची. फिजिक्सचंही असंच, निबंधाचंही असंच. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही वाटलं.

तर बारावीच्या एका टेस्टला सरांनी विषय दिला, 'भूकंपग्रस्ताचे मनोगत'. मी अशी काही लिहीत सुटले की विचारू नका. दोन ओळी कवितेच्या मीच जुळवल्या. मग माझं काल्पनिक घर पडलं, आजोबा गेले, दावणीची बैलं गेली आणि सगळ्यांत शेवटी आई गेली. "ढिगाऱ्यावर बसून मी हंबरडा फोडला," असं एक वाक्य होतं. "हे धरणीमाते, तूच माझी माय कशी गिळलीस?" असं दुसरं. माझा पेन थांबेना. मला एकदाही अम्मी आठवली नाही. मी निबंधात मारली ती आई होती, आणि आई म्हणजे माझ्यासाठी पुस्तकातली, नऊवारी नेसलेली, देवापुढं दिवा लावणारी कुणीतरी बाई. अम्मी देगलूरला खुशाल लोणचं घालत बसली होती.

मला दहापैकी नऊ पडले. सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला, वाचताना त्यांचाच आवाज चिरकला, आणि तो झेरॉक्सला गेला. औसाला दहापैकी चार पडले. तिच्या कागदाखाली लाल शाईनं शेरा होता, 'भावना कमी. कल्पनाशक्ती वापरावी.' सरांना ती कुठली ते माहीत नव्हतं, एकशेवीस पोरांत कुठं माहीत असणार? तिनंही सांगितलं नाही. मी सांगू शकले असते. पण मला नऊ पडले होते आणि मी त्या दिवशी हवेत होते.

मग तिनं माझ्या निबंधाची झेरॉक्स आणली. सगळ्या पोरींनी आणली होती, मग तिनं का आणू नये? संध्याकाळी गच्चीवर आम्ही एकमेकींचं पाठांतर घ्यायचो. एकीनं येरझारा घालत म्हणायचं, दुसरीनं हातात कागद धरून चुका काढायच्या. त्या दिवशी कागद माझ्या हातात आणि ती म्हणून राहिली. कविता झाली, घर झालं, बैलं झाली. "ढिगाऱ्यावर बसून..." म्हणाली आणि थांबली.

मी म्हणाले, "हंबरडा फोडला."

ती पुढचं वाक्य म्हणायला लागली. मी परत अडवलं. म्हणाले, "अगं, हंबरडा राहिला. तोच तर महत्त्वाचा आहे."

ती म्हणाली, "मी न्हाई फोडला."

आता ऐका मी काय म्हणाले ते. मी म्हणाले, "तू नसशील फोडला, पण इथं फोडलाय ना. फोड की."

हे मी बोलले. मी, या तोंडानं. आज आठवलं की वाटतं स्वतःच्या थोबाडीत द्यावी एक. तेव्हा मात्र मला तिच्या तोंडाकडं बघेपर्यंत काही कळलंच नाही. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. कठड्याला टेकली आणि म्हणाली, "तू माझा वाचलास का?"

मी नव्हता वाचला. चार मार्कांचा निबंध कोण वाचतं? ती खाली जाऊन आपली उत्तरपत्रिका घेऊन आली. सव्वा पान होतं. ते मला अजून तोंडपाठ आहे, त्यामुळं इथं देते. द्यायचं की नाही यावर मी पुष्कळ घोळ घातला, पण कुणाला विचारून दिलं ते शेवटी येईल.

"गाव पडले तेव्हा मी सातवीत होते. मला काढले तेव्हा ऊन आले होते. मला भूक लागली होती. एका जवानाने मला बिस्किटाचा पुडा दिला. तो मी पूर्ण खाल्ला. खाऊन झाल्यावर मला दिसले की माझा भाऊ बाजूलाच बसला आहे. त्याला मी एकही दिले नाही. तो काही म्हणाला नाही. आईला तोपर्यंत काढले नव्हते. दुपारी काढले. तिच्या केसांना आदल्या दिवशीचे तेल होते. आता आम्हाला नवीन गावात घर आहे. सगळी घरे सारखी आहेत. सुरुवातीला आम्ही दुसऱ्याच्या घरात शिरत होतो. मला बिस्किट आता आवडत नाही असे नाही. आवडते."

मी ते दोनदा वाचलं. मग तिला विचारलं, "भाऊ काही म्हणाला का नंतर?"

"न्हाई. बारका व्हता. त्याला आठवत नसंल." मग जरा वेळानं म्हणाली, "मी त्याला कधी सांगितलं न्हाई. घरात कुनालाच न्हाई. लोक म्हंत्यात आई ढिगाऱ्यात आन् ही खात बसली. तू पन सांगू नको, देगलूर."

मी म्हणाले, "नाही सांगणार. तुझी शपथ."

आणि ती परत येरझारा घालायला लागली. "ढिगाऱ्यावर बसून मी हंबरडा फोडला," ती म्हणाली, अगदी सरांनी वाचला तसा, आवाज चढवून. मी कागद धरून उभी होते. चूक एकही नव्हती.

बोर्डाच्या परीक्षेला आम्हाला वेगवेगळ्या वर्गात नंबर आले. मराठीच्या पेपरात 'आपद्ग्रस्ताचे मनोगत' आलं. सरांची लॉटरीच लागली म्हणायची. मी माझाच निबंध लिहायला घेतला, कवितेच्या ओळी लिहिल्या आणि माझा हात थांबला. मला त्या बैलांची लाज वाटली. त्या धरणीमातेचीही. माझ्या डोक्यात दुसरं काही येईचना, सारखी ती एकच वाक्यं येत होती, मला भूक लागली होती, मला भूक लागली होती. मग मी ओळी खोडल्या आणि तिचा निबंध लिहिला. शब्दन् शब्द. का लिहिला? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की तिच्यासाठी लिहिला, त्या सव्वा पानाला कुणीतरी एकदा चांगले मार्क द्यावेत म्हणून. कधी वाटतं ते खरं आहे. कधी वाटतं मी चोर आहे आणि चोराला कारण लागतं.

बाहेर आल्यावर ती गेटपाशी भेटली. डोळे लाल दिसले, पण परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचेच लाल असायचे. ती म्हणाली, "मी तुझाच लिहिला."

मी म्हणाले, "मी पण माझाच."

दोघीही डॉक्टर झालो नाही. तिचा दाखला कामाला आला, ती नर्सिंगला गेली. मला नांदेडला मामूंकडं ठेवलं आणि बी.ए.ला घातलं. अब्बा बरेच दिवस माझ्याशी बोलताना कापडाकडंच बघायचे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी वार्षिकांकासाठी मराठीच्या मॅडमनी निबंध मागवले. मी पुन्हा तिचाच लिहिला. या वेळी मात्र मला वाटलं, शब्दन् शब्द नको, आपलं काहीतरी घालावं, म्हणजे तेवढाच तो माझा होईल. 'बिस्किटाचा पुडा' होता, तिथं मी 'चुरगळलेला पुडा' केला. वाचून बघितलं तर ते एकदम खोटं वाटायला लागलं. खोडलं. जवानाला मी 'देवदूतासारखा' केला. तेही खोडलं. भावाच्या डोळ्यांत मी पाणी घातलं, आणि ते घातल्याबरोबर सगळा निबंधच माझ्या त्या नऊ मार्कांच्या निबंधासारखा दिसायला लागला. आठ दिवस मी हेच करत होते, घालायचं आणि खोडायचं, घालायचं आणि खोडायचं. शेवटी कागदावर जे राहिलं ते तिचं होतं तसंच होतं, मला त्यात एक शब्दही घालता आला नव्हता. लिहिणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवलं असेल तर त्या आठ दिवसांनी. पण ते आठ दिवस मी चोरीचा माल आपल्या मापाचा करायला बसले होते, हेही तितकंच खरं आहे. आता बोला.

अंक निघाला तेव्हा मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. "बाळा, तू भूकंपातली आहेस? कधी बोलली नाहीस." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी हाव म्हणाले नाही, न्हाई पण म्हणाले नाही. मान खाली घालून उभी राहिले, आणि मान खाली घालणं म्हणजे हावच असतं, हे मला पक्कं माहीत होतं. मला बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला. पुढं मी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून लिहायला लागले, लोक लेखिका म्हणायला लागले, आणि ज्यानं त्यानं 'त्या बिस्किटाच्या निबंधापासून' असंच म्हणायचं. मी हसून विषय बदलायचे.

तर आता हा फोन. मी विशेषांकाच्या मॅडमना आज देते, उद्या देते करत राहिले. तेवढ्यात औसाचाच फोन आला. मला वाटलं, झालं, हिला कळलं. पण कसचं काय, ती म्हणाली, "पोरीला नांदेडच्या क्लासला टाकून राहिले गं. होस्टेल बघायला येती का संगं?" तिच्या लेकीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि लातूरच्या पोरी आता नांदेडला यायला लागल्यात. आमच्या वेळी हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून बाजारातून गादी घेतली, बादली घेतली, खुंटीला अडकवायचे हँगर घेतले. तिची लेक क्लासच्या पहिल्या टेस्टला गेली होती. होस्टेलच्या खोलीत तीन पलंग होते, आम्ही खिडकीखालच्या पलंगावर गादीला खोळ घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं मला वाटलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. बोर्डाचा पेपर, वार्षिकांक, शब्दकोश, मॅडमचा हात, विशेषांक, सगळं.

तिनं खोळ सोडली नाही. फक्त विचारलं, "भावाचं पन लिहिलंस?"

"हाव."

"बिस्किट दिलं न्हाई ते?"

"हाव."

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही उठून जाईल आणि पुन्हा कधी ईदला फोन करणार नाही. तिनं गादी ओढून नीट केली, कोपरे आत खोचले, त्यावर बसली. म्हणाली, "तुला मी येकच गोष्ट सांगितली व्हती, देगलूर. उभ्या जन्मात येकच."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मी त्यांना छापू देत नाही. आजच फोन करते. तो माझा नाही म्हणून सांगते. माझा फक्त तो खोटा निबंध होता, हंबरड्याचा."

"खोटा काहून?" ती एकदम चिडून म्हणाली. "तुला काय म्हाईत त्याचं? आई गेल्यावर मी रडलेच न्हाई. तेव्हा न्हाई, नव्या गावात न्हाई, कधीच न्हाई. बाप रडायचा, आत्या रडायची, मी आपली बसायची. बोर्डाला तुझा निबंध लिहाय बसले. हंबरडा फोडला असं लिवलं, आन् मला जे रडू फुटलं गं, माझं मलाच आवरंना. पेपर भिजला. वर्गावरच्या बाईनं पाणी आणून दिलं, तब्येत बरी न्हाई का म्हून इचारलं. दहा मिन्टं गेली माझी. तुला वाटतं ते मनानं रचलेलं हाय. मला तर तेच कामाला आलं."

त्याच पाऊण तासात पलीकडच्या वर्गात मी तिचं सव्वा पान लिहून, एक थेंबही न काढता, पुरवणी बांधून मोकळी झाले होते. खरा निबंध मी कोरड्या डोळ्यांनी लिहिला आणि खोट्यावर ती रडली. मग सर बरोबर होते की काय? तो लाल शेरा बरोबर होता? नाही, तसं मला अजूनही वाटत नाही. पण नाही म्हणायलाही आता माझी जीभ रेटत नाही.

उठताना ती म्हणाली, "मॅडमला आत्ता काही सांगू नको. थांब जरा. भावाला म्याच सांगते आधी. वाचून कळन्यापरीस माझ्या तोंडून कळू दे."

"आणि तो रागावला तर?"

"तर रागवंल." ती चपला घालत म्हणाली. "तुझ्यावर पन रागवंल. मग बघू."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. नवरा म्हणाला, काय झालंय तुला, दोनदा मीठ घालून राहिलीस. मी त्यालाही मग सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढंच? मला त्याचा असा राग आला की मी त्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाही.

मग एका दुपारी तिचा फोन आला. ड्यूटीवरूनच बोलत होती, मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. म्हणाली, "बोलले मी त्याच्याशी."

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"त्याला समदं आठवतंय."

मला वाटलं, संपलं.

"माझ्या आधी त्याला काढलं व्हतं," ती म्हणाली. "जवान आधी त्याच्यापाशीच गेलता. येक पुडा त्यानं येकट्यानंच खाल्लता. आई, ताई आतच हाय, आन् आपन समदा खाल्ला, म्हून मान खाली घालून बसला व्हता, म्हनला. मी खाताना बघत व्हता. ताईला मिळाला, बरं झालं, असं वाटलं म्हनला त्याला. इतकी वर्सं मला सांगायला लाजत व्हता."

मागचं लेकरू अजून रडतच होतं.

"आता हे पन लिहिशील तू," ती म्हणाली.

"लिहू का?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"त्याला इचारून सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवून रडणाऱ्या लेकराकडं गेली.